बिननावाची हाक

जबाब, ता. १७ डिसेंबर १९७४, वार मंगळवार, पोलीस ठाणे मुक्कामी.

सौ. विजयमाला नाथाजी राजपुरे, वय अंदाजे बेचाळीस, धंदा घरकाम व शेती, शिक्षण मराठी चौथी, राहणार दांडेवाडी, पाचगणीच्या खाली, तालुका महाबळेश्वर, जिल्हा सातारा. माहेर सांगली.

मी स्वतः ठाण्यात हजर होऊन सांगते की, मी वरील ठिकाणी पती व धाकटे दीर तात्याबा यांच्यासह राहते. मुलगा कराडला इंजिनियरिंग कॉलेजात शिकतो. माझे पती पलटणीतून सुभेदार होऊन पेन्शनीत आले आहेत. ते काल दुपारपासून आपल्या कोठडीत आहेत. इंगरबाईंचं तोंड आपणच दाबलं, असं त्यांनी साहेबांसमोर कबूल केलं आहे. का दाबलं, ते मात्र ते कोणालाच सांगत नाहीत. ते मला माहीत आहे. मला कोणी बोलावलेलं नाही, मी आपणहून आले आहे. ठाण्याची पायरी मी जन्मात पहिल्यांदा चढते आहे व मला भीती वाटते, हेही लिहून घ्यावं.

इंगरबाई या नॉर्वे देशच्या. वय साठीच्या आसपास. पाचगणीत एका शाळेत मुलांना पियानो शिकवतात. आमच्या माडीवरच्या दोन खोल्यांत त्या दोन वर्षांपासून राहतात. शाळेच्या आवारात त्यांना खोली मिळत होती, पण त्यांना रानाला लागून राहायचं होतं. मराठी बऱ्यापैकी बोलतात. तिखट सोसत नाही तरी मागून खातात, मग पाणी पीत बसतात.

रविवार आला की बाई जाड बूट घालून, पाठीला पिशवी लावून रानात जायच्या. लाकूडफाटा आणायचा नाही, हिरडा वेचायचा नाही, गुरं राखायची नाहीत, नुसतं चालायचं. वाडीतल्या बायका मला विचारायच्या, तुझ्या भाडेकरणीचं रानात काय हरवलंय गं? मी सांगायचे, अक्कल. हे बाईंच्या कानावर गेलं तेव्हा त्या खूप हसल्या आणि म्हणाल्या की ती सापडली तर मी तुलाही थोडी देईन. जबाब लिहून घेणाऱ्या जमादारांचं म्हणणं, हे जबाबात नको. बाई कशा आहेत ते कळायला हवं, म्हणून मी ते राहू द्या म्हटलं.

बाई सांगायच्या की त्यांच्या देशात लोक सुट्टीच्या दिवशी देवदर्शनाला जावं तसे रानात जातात. तिथे वाटेवरच्या दगडांवर तांबड्या रंगाच्या खुणा केलेल्या असतात. एका खुणेवरून दुसरी धरत गेलं की माणूस दिवस मावळायच्या आत मुक्कामी पोचतो. आमच्या रानात वाटा गुरांनी पाडलेल्या. पाला संपला की गुरं माघारी वळतात आणि वाट कारवीत तशीच मरते. बाईंना हे पटायचं नाही. वाट आहे म्हणजे ती कुठेतरी जाणारच, असं त्यांचं म्हणणं. कारवी म्हणजे आमच्याकडची झुडपं, माणसाच्या डोक्यावर जातात आणि इतकी दाट असतात की आत शिरलं की आभाळाखेरीज काही दिसत नाही.

गेल्या वर्षी एकदा बाई अंगावर ओरखडे घेऊन पार अंधारून आल्यावर घरी आल्या. तेव्हापासून रविवारी माझे पती त्यांच्याबरोबर जाऊ लागले. परक्या देशची बाई आपल्या छपराखाली राहते, तिचं काही बरंवाईट झालं तर तोंड कुठे दाखवायचं, असं ते म्हणाले. मी दोघांना भाकरी बांधून द्यायचे. पेन्शनीत आलेला माणूस चावडीवर पत्ते कुटण्यापेक्षा हे बरं, असं मला वाटायचं. पुढे पुढे त्यांनाच गोडी लागली. शनिवारी रात्रीच बूट झटकून ठेवायचे.

साहेबांनी काल दिरांना विचारलं की सुभेदार आणि मडममध्ये काही होतं का. दीर लाजले, म्हणून त्याचं उत्तर मी देते. तसलं काही नव्हतं. पण एक गोष्ट होती, ती सांगते. इंगरबाई सगळ्यांना नावाने हाक मारतात. मला विजयमाला, दिरांना तात्याबा, आणि माझ्या पतींनाही त्यांच्या नावाने. पहिल्यांदा माडीवरून त्यांनी ते नाव मोठ्याने घेतलं तेव्हा माझ्या कमरेवरची कळशी सुटली. बावीस वर्षांच्या संसारात मी ते नाव तोंडातून काढलेलं नाही. आमच्यात बायकोने नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य तेवढं कमी होतं, असं मानतात. माहेरीही मानतात, सासरीही मानतात. वाण्याकडे उधारी मांडताना नाव विचारलं तर मी शेजारणीला पुढे करते.

त्यांचं नाव घेणाऱ्या एकट्या सासूबाई होत्या, दगडाबाई. त्या वारल्यावर वाडी त्यांना सुभेदार म्हणते, दीर दादा म्हणतात, मुलगा आबा म्हणतो, मी अवं म्हणते. त्यांच्या नावाने त्यांना हाक मारणारं माणूसच उरलं नव्हतं. मग ही बाई आली आणि दिवसातून चार वेळा खुशाल नाव घेऊ लागली. मला राग यायचा. त्यांना आवडायचं. हाक आली की ते एवढ्या मोठ्याने ओ द्यायचे की गोठ्यातली म्हैस कान टवकारायची. दोघांत काय होतं म्हणाल तर एवढंच होतं.

आता रानातल्या रिवाजाचं सांगते, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. सांगलीला रान नाही. नदीचा घाट, हळदीच्या वखारी आणि सपाट मळे बघून मी वाढले. लग्न होऊन दांडेवाडीला आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात मला बजावलं की दिवस डोंगराआड गेला की रानातून आलेल्या हाकेला ओ द्यायची नाही. रानात चकवा असतो. तो माणसाला फिरवून फिरवून एकाच जागी आणतो. माणूस दमला की घरच्या कोणाच्या तरी आवाजात त्याला हाक मारतो. ओ दिली की संपलं. मी विचारलं, मग खरीच घरची हाक असली तर ती ओळखायची कशी? सासूबाई म्हणाल्या, "त्येला आवाज येतोय, नाव येत न्हाई." म्हणजे नाव घेऊन हाक आली तरच ती माणसाची. दांडेवाडीत शेंबडं पोरसुद्धा हे जाणतं. माझे पती दोन लढाया लढले आहेत, त्यांच्या खांद्यात लोखंडाचा तुकडा अजून आहे, पण ते दांडेवाडीचेच आहेत.

दिनांक १५ रोजी, रविवारी, दोघं सकाळची न्याहारी करून निघाले. भैरोबाच्या देवळावरून उंबराच्या पाण्यापर्यंत जाऊन दुपारी परत येतो, असं सांगून गेले. उंबराचं पाणी हा आमच्या वाडीखालचा झरा. तिथवर बायका पाण्याला जातात. झऱ्याच्या खाली कडा तुटतो, मग उतार, आणि उतारावर सगळी कारवी. दुपार झाली, मी जेवायची थांबले. उन्हं कलली तरी दोघं आले नाहीत. मी दोनदा देवळापर्यंत जाऊन आले. पहिल्यांदा गेले तेव्हा मनात बाईंना शिव्या देत होते. दुसऱ्यांदा गेले तेव्हा शिव्या सुचेनात.

मग मी दीर तात्याबा यांना शेतातून बोलावलं. वाटेत बिराप्पा धनगर भेटला, त्याची मेंढरं आमच्या पडीक रानात बसायला आहेत, त्यालाही बरोबर घेतलं. बाकीची बाप्ये माणसं पाचगणीच्या बाजाराला गेली होती. आम्ही तिघं उंबराच्या पाण्यावर पोचलो तेव्हा दिवस नुकता डोंगराआड गेला होता. उजेड होता, पण ऊन नव्हतं. थंडी पडू लागली होती. पाखरं गप्प झाली होती. बिराप्पाचं कुत्रं पुढे जाईना, तिथेच जमिनीला पोट लावून बसलं.

कड्याच्या टोकाला उभं राहून तात्याबांनी हाक मारली, "दादा, ए दादा." खालून काही आलं नाही. बिराप्पाने हाक मारली, "सुभेदार हो, हाय का कुनी?" त्यालाही काही नाही. मग मी पुढे झाले. बाईमाणसाचा आवाज उंच असतो, लांब जातो, असं बिराप्पा म्हणाला. मी नेहमी घरात मारते तशीच हाक मारली. म्हटलं, "अवं, कुटं हायसा? अवं, ओ द्या की."

तीन वेळा मारली. तिसऱ्या हाकेनंतर खालच्या कारवीतून एक आवाज आला. तो शब्द नव्हता. कोणाचा तरी गळा आवळल्यावर निघावा तसा कण्हल्याचा आवाज होता, आणि तो मधेच बंद झाला. कारवी थोडी हलली. पुन्हा सगळं गप्प. बिराप्पाने कुत्र्याच्या गळ्यातली दोरी धरली. तात्याबा माझ्या पुढे येऊन उभे राहिले व हळू आवाजात म्हणाले, "वैनी, मागं फिरा. ह्ये माणसाचं न्हवं."

मी त्यांना म्हटलं की आणखी एकदा हाक मारू. आणि त्या वेळी माझ्या मनात आलं की नाव घेऊन हाक मारावी. सासूबाईंचं बोलणं मला त्या क्षणी आठवलं होतं. मी तोंड उघडलं. नाव ओठापर्यंत आलं. पण दीर शेजारी उभे, परका धनगर शेजारी उभा, त्याची लाज वाटली. त्याहून जास्त भीती वाटली. मनात आलं, ते आत्ता जिवानिशी संकटात असतील तर ह्याच घडीला मी नाव घेऊन त्यांचं आयुष्य आणखी कमी करायचं का? आणि ते तिथे नसतीलच, तर ज्याला नाव येत नाही त्याच्या कानावर मी ते माझ्या तोंडाने घालायचं का? मी तोंड मिटलं. बाईंचं नाव घेऊनही हाक मारता आली असती, हे त्या घडीला आमच्यापैकी कोणालाच सुचलं नाही. आम्ही माघारी फिरलो. चाललो नाही, पळालो. माझी एक चप्पल तिथेच राहिली.

घरी आल्यावर तात्याबा सायकल घेऊन वर ठाण्यात वर्दी द्यायला गेले. मी देवापुढे बसले. त्या रात्रीबद्दल मला काही सांगायचं नाही.

दिनांक १६ रोजी, सोमवारी, उजाडताच वाडीतली माणसं काठ्या घेऊन उतरली. बिराप्पाचं कुत्रं या वेळी पुढे गेलं. दोघं सापडले ते उंबराच्या पाण्याच्या बरोब्बर खाली. आम्ही उभे होतो तो कडा आणि ते बसले होते ती जागा यांच्यामध्ये कारवीचा एक पट्टा होता, बाकी काही नाही. माझे पती उकिडवे बसले होते. इंगरबाईंचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं. पतींचा कोट, स्वेटर, मुंडासं सगळं बाईंच्या अंगावर होतं व ते स्वतः बनियनवर होते. बाईंचा उजवा पाय घोट्यापाशी सुजून काळा पडला होता. अंग तापलेलं, डोळे अर्धे उघडे, पण शुद्ध नव्हती. तोंडाभोवती बोटांचे काळेनिळे वळ होते. माझ्या पतींच्या उजव्या पंजात दात रुतल्याच्या खुणा होत्या व रक्त वाळलं होतं. हे सगळ्या वाडीने पाहिलं आहे, लपवण्यासारखं काही नाही.

माणसांनी घोंगडीची झोळी करून बाईंना सडकेवर आणलं. जीप येईपर्यंत मी पतींजवळ बसले. तेव्हा जे ते बोलले ते इतर कोणी ऐकलेलं नाही, म्हणून मी ते जसंच्या तसं सांगते.

त्यांनी सांगितलं की बाईंना झऱ्याखाली गुरांची एक वाट दिसली. ही पुढे जात नाही असं ते म्हणाले, बाई म्हणाल्या बघू तरी. ती वाट कारवीत बुडाली. परतताना बाईंचा पाय दगडांच्या फटीत अडकला आणि मोडला. त्यांनी बाईंना पाठीवर घेतलं. चढ समजून चालले तो उतार निघाला. एका हिरड्याच्या झाडापाशी ते आले, पुढे गेले, आणि फिरून त्याच झाडापाशी आले. असं पुन्हा झालं. पुन्हा झालं. त्याच्या खोडावर बाईंची टोपी अडकवून ते गेले आणि थोड्या वेळाने ती टोपी पुन्हा समोर. तेव्हा त्यांना कळलं की आपल्याला चकवा लागला आहे. बाई ओरडत होत्या, मदतीला हाका मारत होत्या, ओरडून ओरडून त्यांचा घसा बसला. दिवस डोंगराआड गेला तसं त्यांनी बाईंना खाली बसवलं आणि सांगितलं की आता गप्प बसायचं, काहीही ऐकू आलं तरी ओ द्यायची नाही.

मग वरून हाका आल्या. आधी भावाचा आवाज, मग वाडीतला एक आवाज, मग माझा. एकाही हाकेत नाव नव्हतं. बाईंनी ओ द्यायला तोंड उघडलं. माझ्या पतींनी पंजाने ते दाबलं. बाई चावल्या, त्यांनी हात काढला नाही. रक्त आलं तरी काढला नाही. वर सगळं गप्प होईपर्यंत त्यांनी बाईंचं तोंड धरून ठेवलं. आम्हाला जो आवाज ऐकू आला तो इंगरबाईंचा होता. आम्ही त्याला भिऊन पळालो आणि ते आम्हाला भिऊन तिथे बसले.

एवढं सांगून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं व विचारलं, "काल सांजंला पाण्यावर तू आल्तीस?"

मी व्हय म्हटलं.

"तूच हुतीस?"

मी म्हटलं, "मीच. दुसरं कोन येनार?"

त्यांनी आपल्या पंजावरच्या दातांच्या खुणांकडे पाहिलं. मग म्हणाले, "नाव का न्हाई घेतलंस गं?"

तेवढ्यात जीप आली. बाईंना साताऱ्याच्या दवाखान्यात नेलं व यांना आपण ठाण्यात आणलं. शाळेची माणसंही इथे आली होती. मडमच्या तोंडावरचे वळ बघून त्यांनी जे मनात आणलं ते मी त्यांच्या जागी असते तर मीही आणलं असतं. त्यांच्यावर माझा राग नाही.

साहेबांनी पतींना विचारलं, तोंड तूच दाबलंस का? ते व्हय म्हणाले. विचारलं, का दाबलंस? ते गप्प बसले. ते काल गप्प बसले, आजही गप्पच आहेत. त्याचं कारण असं की गोळ्यांसमोर उभा राहिलेला सुभेदार चकव्याला भ्यायला, आणि आपल्याच बायकोला चकवा समजला, हे त्यांच्या तोंडून ठाण्यात निघायचं नाही. फासावर जातील, पण हे बोलणार नाहीत. साहेब, हट्टी माणूस आहे. बावीस वर्षं मी तो हट्ट बघते आहे. पलटणीत जायच्या आधी भाकरीला मीठ कमी पडलं म्हणून दोन दिवस बोलले नव्हते.

साहेबांचं म्हणणं, ही गोष्ट नवऱ्याला सोडवायला बायकोने रचलेली दिसते. तर तात्याबांना व बिराप्पाला वेगवेगळं बसवून विचारावं, कोणी काय हाक मारली ते. दांडेवाडीत कोणालाही उभं करून विचारावं, सांजेला रानात बिननावाची हाक आली तर तू काय करशील. आणि इंगरबाई शुद्धीवर आल्या तर त्यांना विचारावं. त्यांना चकव्याचं सगळं ठाऊक आहे. त्यांनीच मला एकदा चुलीपाशी बसून विचारलं होतं, तुमच्या रानात कोण राहतं म्हणून. मी सांगितलं तर त्या हसल्या नाहीत. त्यांच्या देशातल्या डोंगरातही धिप्पाड, कुरूप माणसं राहतात आणि ऊन अंगावर पडलं की त्यांचे दगड होतात, असं त्यांनी मला सांगितलं. मी मात्र हसले होते.

आज सकाळी दवाखान्यातून निरोप आला की ताप उतरलेला नाही, बाई बडबडतात पण ते कोणाला समजत नाही, त्यांच्या देशची भाषा आहे. मला फार भीती वाटते. बाई गेल्या तर माझ्या पतींवर खून लागेल. आणि बाईंचा जीव जाईल ही भीती वेगळीच आहे, ती कोर्टाची नाही. दोन वर्षं ती बाई माझ्या घरात जेवली आहे. मी तिचा राग केला, तो तिने माझ्या नवऱ्याचं नाव घेतलं म्हणून. रविवारी कड्यावर माझ्या जागी ती असती तर दोघंही दिवेलागणीला घरी आले असते.

म्हणून माझं सांगणं असं की गुन्हा नोंदवायचाच असेल तर माझ्या नावावर नोंदवावा. तोंड त्यांनी दाबलं. पण ते दाबायला लागलं ते माझं तोंड मिटलं म्हणून. असं कोणतं कलम आहे का, ते मी जमादारांना विचारलं. नाही, असं ते म्हणाले. तरीही माझं म्हणणं लिहून घ्यावं.

जबाब द्यायला बसण्यापूर्वी मी शिपायाच्या परवानगीने कोठडीशी डबा घेऊन गेले. माझे पती भिंतीकडे तोंड करून बसले होते. मी गजाशी उभी राहून नेहमीसारखं "अवं" म्हटलं. त्यांनी वळून पाहिलं नाही. मी पुन्हा म्हटलं, "अवं, जेवन आणलंय." त्यांचे खांदे आखडले, पण पाठ तशीच राहिली. शिपाई म्हणाला, झोप लागली असेल. ती झोप नव्हती. त्यांची झोपेतली पाठ मला माहीत आहे. दिवसाउजेडी, सरकारी इमारतीत, चार पोलिसांच्या देखत ते माझ्या आवाजाला भीत होते.

मग मी डबा खाली ठेवला. पदर सारखा केला. दोन्ही हातांनी गज धरले आणि त्यांचं नाव घेतलं. नुसतं "नाथाजी" म्हटलं. आवाज मलाच ओळखू आला नाही. बाकावर बसलेली माणसं माझ्याकडे बघू लागली. मला वाटलं आता काहीतरी होईल, पण काही झालं नाही. ते हळूहळू वळले. डोळे लाल होते. मला नीट पाहिलं आणि मग म्हणाले, "ओ." डबा घेतला. मी तिथे उभी होते तोवर ते जेवले.

हा जबाब जमादारांनी मला पहिल्यापासून शेवटपर्यंत सावकाश वाचून दाखवला. दोन ठिकाणी मी थांबवून दुरुस्ती करून घेतली. आता कागदावर आहे ते मी माझ्या तोंडाने सांगितलेलं आहे व खरं आहे. कोणाच्या धाकाने किंवा शिकवण्याने सांगितलेलं नाही.

सही
सौ. विजयमाला नाथाजी राजपुरे